साठीनंतर पेटी, गोधडी आणि गावाची वही

आमच्या पिढीतल्या कितीतरी माणसांची जन्मतारीख १ जुलै आहे. "पोरगा पोळ्याच्या करीले झाला," एवढंच माय सांगे. ते शाळेच्या रजिस्टरात बसेना, म्हणून गुरुजींनी आपल्या मनानं १ जुलै लिहून टाकली. एक तारखेला जन्मलेला सरकारी माणूस आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळं जिल्हा परिषदेचे गुरुजी, ग्रामसेवक, तलाठी असे कितीतरी जण अठ्ठावन्न पुरी करून ३० जूनला घरी येतात, म्हणजे ऐन पेरणीच्या तोंडावर. शाल-श्रीफळ घेतलं, फोटो काढला, की दुसऱ्या दिवशी सोयाबीनच्या बॅगा आणायला तालुक्याला.

म्हणून विदर्भातल्या खेड्यात निवृत्ती लगेच लागत नाही. डवरणी, निंदण, फवारणी करता करता पोळा येतो, पोळ्यामागं गणपती-महालक्ष्म्या, मग सोयाबीनची सोंगणी. दिवाळी आटोपते, पोरं-सुना पुण्या-नागपूरला परत जातात, बाया कापूस वेचायला वावरात जातात. माणूस सकाळी आठला आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसतो आणि तेव्हा त्याच्या ध्यानात येतं की आज कुठंच जायचं नाही.

त्या सकाळपासून पुढं काय करायचं, ते इथं सांगतो. नोकरीतून मोकळे झालेल्यांसाठी आहे, पोराच्या हाती वावर दिलेल्या शेतकऱ्यासाठी आहे आणि सुनेच्या हाती चूल दिलेल्या बाईसाठी तर आहेच. माझं म्हणणं एवढंच की जुनं पुरतं सोडल्याशिवाय नवं हाताला लागत नाही, आणि नवं घ्यायचं तर असं घ्यावं की ज्यात आपण अगदीच शिकाऊ आहोत.

आधी सोडायचं ते नीट सोडा

वावर पोराच्या नावावर झालं, पण बियाणं कोणतं, फवारा कधी, कापूस कुणाला द्यायचा, हे अजून बापच ठरवतो, असं घरोघरी दिसतं. याला सोडणं म्हणत नाहीत. धुऱ्यावर उभं राहून सूचना देणारा म्हातारा पोराला नकोसा होतो आणि स्वतःलाही सुख देत नाही. विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर नाही. हे जमत नसेल तर सरळ वावरातली चार तासं (पिकाच्या ओळी) स्वतःसाठी मागून घ्या. त्यात तूर लावा, भाजीपाला लावा, काही लावा. तिथं तुमचं राज्य, बाकी वावरात त्याचं.

कागदाचं मात्र घाईनं करू नये. जमीन किंवा घर बक्षीसपत्रानं देत असाल तर "देणाऱ्याचा सांभाळ करावा" ही अट त्यात लिहून घ्या. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे. अशी अट असून सांभाळ झाला नाही तर दिलेलं रद्द करून मागता येतं. अट लिहिलेलीच नसेल तर भांडणं फार जड जातं. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, ते वारसांपैकी नसावेत. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. निवृत्तिवेतनवाल्यांनी नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचं काम उरकायचं. ते फोनवर कुणाला ओटीपी सांगून होत नसतं, असा फोन आला की ठेवून द्यायचा.

कागद झाले की कपाट लावा. ऑफिसातल्या फायली, जुन्या डायऱ्या, बदल्यांचे आदेश, ज्यांचा पेन्शनशी संबंध नाही ते सगळं बांधून वर ठेवा. खाली एक कप्पा रिकामा राहू द्या. त्याचा उपयोग पुढं येईल.

पहिलं वर्ष पद नको

ही अट बहुतेकांना पटत नाही, पण मी तिच्यावर अडून आहे. गावात निवृत्त माणूस दिसला की लोक त्याला कुठंतरी बसवतात. पतसंस्थेवर घ्या, मंदिर समितीचे अध्यक्ष करा, वाचनालयाचे सचिव करा. माणूसही खुश होतो, कारण खुर्ची पुन्हा मिळाली. मग सह्या, सभा, कोरम, एकमेकांचे रुसवे-फुगवे. दहा वर्षं कशी गेली कळत नाही, आणि शेवटी हाती उरतो तो सत्काराच्या शालींचा ढीग. पद म्हणजे नोकरीच, फक्त बिनपगारी. नोकरीतली जी सवय सुटायला हवी, लोकांनी आपल्याला उठून नमस्कार करावा ही, ती पदामुळं आणखी पक्की होते.

म्हणून कुणी विचारायला आलं तर "यंदा नाही, पुढच्या दिवाळीला बघू" म्हणा. भांडण नाही, नकारही नाही. वर्षभरात ते दुसरा अध्यक्ष शोधून घेतात.

शरीराची हजेरी

नवं काही हाती घेण्याआधी शरीर कुठवर साथ देतं हे बघावं. लाजायचं काय त्यात?

डोळे: मोतीबिंदू तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात आणि शिबिरांत शस्त्रक्रिया मोफत होते. चष्मा बरोबर असला तरी साठीत बारीक कामाला तरुणपणापेक्षा खूपच जास्त उजेड लागतो. बसायची जागा पूर्वेच्या खिडकीपाशी करा, आणि उजव्या हातानं काम करणाऱ्यानं दिवा डावीकडं ठेवावा, नाहीतर हाताची सावली नेमकी कामावर पडते.

कान: वयानं आधी उंच पट्टीचे आवाज जातात. म्हणून नातीचं बोलणं कळत नाही आणि शेजारच्या बाप्याचं कळतं. ती हळू बोलते असं नाही. हे समजलं की निम्मी चिडचिड जाते.

गुडघे: खाली मांडी घालून करायचं प्रत्येक काम टेबलावर, खाटेवर किंवा ओट्यावर करता येतं का ते बघा. बहुतेक येतं.

तहान: वयानं तहान लागणंच कमी होतं. आमच्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि म्हातारा माणूस "मला तहान नाही" म्हणत उन्हाच्या तडाख्यात सापडतो. तहानेची वाट न पाहता पाणी प्यायचं. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल किंवा हृदयाचा, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पाणी किती, हे डॉक्टरला विचारून ठरवा.

काय करायचं ते कसं शोधायचं

"तुम्हाला काय आवडतं?" असं विचारलं की आमच्या वयाचा माणूस गोंधळतो. आवड विचारायची रीतच नव्हती. म्हणून प्रश्न बदला. शाळकरी वयात हातानं काय काय करत होता? मातीचे बैल, पळसाच्या पानाच्या पत्रावळी, भजनात टाळ, दंडारीतली सोंगं, भिंतीवर चित्रं, गोफण, पतंग. एका पानावर लिहून काढा. मग त्यातलं काय अर्धवट सुटलं, कुणी सोडायला लावलं, तेही लिहा. त्या यादीत बहुधा उत्तर असतं.

दुसरी खूण: गावात कुणी काही करत असलं की तुम्ही कुठं रेंगाळता? बुरडाच्या अंगणात, भजनी मंडळात, की सुताराच्या कामाच्या जागी?

एक गोष्ट निवडा. दोन नकोत. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत तीच करा, आणि तोवर पाचशे-हजारापलीकडं खर्च करू नका. उपदानाचे (ग्रॅच्युइटीचे) पैसे आले म्हणून थेट शहरातून नवी कोरी पेटी, म्हणजे हार्मोनियम, आणणारे गावोगाव आहेत. ती पेटी पुढं दिवाणाखाली जाते आणि तिच्यावर कांद्याची टोपली. संक्रांतीला मन लागत नसेल तर बिनदिक्कत सोडा आणि यादीतलं दुसरं घ्या.

निवडताना एक पथ्य: आपल्या जुन्या कामाचंच शेपूट नको. गणिताच्या गुरुजींनी गणिताच्या शिकवण्या घेणं वाईट नाही, पण त्यानं नवं काही होत नाही. ज्या कामात बारा वर्षांचा पोरगा आपल्याला "असं नाही आबाजी, असं" म्हणून शिकवू शकतो, ते काम घ्या. सुरुवातीला फार टोचतं. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाला स्वतःची चूक चारचौघांत ऐकायची सवय नसते. म्हातारपण स्वीकारणं म्हणतात त्यातला मोठा भाग हाच आहे, आणि तो प्रवचन ऐकून नाही जमत. रोज थोडं चुकून जमतो.

पेटी

विदर्भात पेटी शिकायला गाव सोडावं लागत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळं (१९०९–१९६८) खंजिरी-भजन आणि सायंप्रार्थना गावोगाव रुजली, आणि भजनी मंडळ आहे तिथं पेटीवाला आहे. त्याच्याकडंच शिका. फुकट शिकू नका, महिन्याचं काही ठरवून द्या. पैसे दिले की तो वेळ पाळतो आणि तुम्हीही पाळता.

जुनी पेटी घेताना तीन गोष्टी बघा. सगळे खटके (हवा सोडायचे समोरचे दट्टे) बंद करून भाता पूर्ण भरा आणि सोडा. तो जागेवर टिकला पाहिजे, भराभर उतरला तर हवा गळते. मग खटके उघडून, एकही पट्टी न दाबता भाता मारा. एखादा सूर आपोआप वाजला तर पट्टीची स्प्रिंग सैल झाली आहे. शेवटी प्रत्येक पट्टी वेगळी वाजवून बघा, घरघर ऐकू आली तर त्या सुरात कचरा आहे किंवा तो खराब झाला आहे. पहिले दोन दोष दुरुस्त होतात. पुष्कळ सूर खराब असतील तर नाद सोडा.

पेटी टेबलावर ठेवा आणि पाठ टेकायला नसलेल्या खुर्चीवर किंवा स्टुलावर बसा. सुरुवात काळी एकपासून, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीपासून करा, पुरुषांच्या गळ्याला ती बहुधा बसते. सा काळी एक, रे काळी दोन, ग पांढरी चार, म काळी तीन, प काळी चार, ध काळी पाच, नि वरच्या सप्तकातली पांढरी एक, आणि वरचा सा पुन्हा काळी एक. पाचही काळ्या पट्ट्या यात येतात, त्या वर उचललेल्या असतात, त्यामुळं नजर अधू असली तरी बोटांना जागा सापडते. वयानं आवाज खाली उतरला असेल तर पांढरी सातवर या, त्यात कमीपणा नाही. बाईमाणसाचा गळा काळी चार-पाचला लागतो.

पहिला महिना फक्त सारेगम आणि भात्याची चाल. डावा हात सारखा चालला पाहिजे, धक्के नकोत. बोटं सकाळी आखडलेली असतात, म्हणून आधी कोमट पाण्यात हात बुडवून ठेवा. वीस मिनिटं वाजवा, थांबा, पुन्हा वीस. दुसऱ्या महिन्यात एकच भजन, तेही तोंडपाठ असलेलं घ्या, म्हणजे कान चूक पकडतो. मंडळात बसायला लागलात की पहिल्यांदा शेवटच्या रांगेत टाळ घ्या. टाळकऱ्याला सगळं ऐकू येतं आणि त्याच्याकडं कुणी बघत नाही.

गावाची वही

ज्याला लिहिता येतं त्याच्यासाठी याहून चांगलं काम मला दिसत नाही, आणि ते करणारं गावात दुसरं कुणी नसतं. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, पण चिंचेचं वावर, मसणाजवळची पट्टी, बुढीची खारी ही नावं कुठंच लिहिलेली नाहीत. माहीत असलेली माणसं ऐंशीच्या पुढं आहेत.

दोनशे पानी वही घ्या. उजव्या पानावर लिहायचं, डावं कोरं ठेवायचं. पुढं कुणी "तसं नव्हतं ते" म्हणतो, त्याची दुरुस्ती डाव्या पानावर जाते. सुरुवात वावरांच्या नावांपासून करा, कारण त्यात भांडण नाही. शिवाराचा साधा नकाशा काढा, नाला, पांदण, विहिरी, मोठी झाडं. मग माणसांकडं जा.

विचारायचं कसं, यावर सगळं आहे. "तुमचं बालपण सांगा" म्हटलं की म्हातारा माणूस दोन वाक्यांत संपवतो. वस्तू धरून विचारा. ही तिफन कुणी केली? विहिरीला पाणी किती हातावर लागलं? १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी (कापूस सरकारलाच विकायचा) सुरू झाली, तेव्हा केंद्रावर बंडीची पाळी यायला किती दिवस लागत, रात्री बैलांना काय टाकत, स्वयंपाक कुठं करत? बीटी कापूस २००२ मध्ये आला, त्याआधी सरकी घरची ठेवत की विकत घेत? यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरकडचे असाल तर शकुंतला रेल्वेचं विचारा, माणसं खुलतात. भंडारा-गोंदियाकडं मालगुजारी तलाव आहेत, ज्यांना लोक मामा तलाव म्हणतात. त्यांचं पाणी कोणत्या वावराला आधी जाई, यावर एक अख्खी वही भरते.

बाया काय सांगतात ते वेगळं बसून ऐका, शक्यतो घरातल्या बाईनं विचारलेलं बरं. भुलाबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या, बाळंतपणाचे उपचार हे पुरुषाला कुणी सांगत नाही. आणि नवरा जवळ बसला की तो मधेच बोलतो.

मोबाइलवर रेकॉर्ड करताना विमान मोड लावा, नाहीतर भर गोष्टीत कुणाचा तरी फोन येतो. पंखा-कूलर बंद, मोबाइल घडी केलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्याच्या जवळ. सुरुवातीला स्वतः नाव, गाव, तारीख बोला आणि रेकॉर्ड करू का, हे विचारून होकार घ्या. अर्धा-पाऊण तास पुरे, माणूस थकतो. त्याच दिवशी उतरवून काढा, आणि जसं बोलले तसंच लिहा. "मी म्हटलो" ला "मी म्हणालो" करू नका. मोबाइलवर बोलून टाइप करायची सोय आहे, पण ती वऱ्हाडीला आणि झाडीबोलीला प्रमाण मराठीत ओढते, म्हणून हातानंच लिहिलेलं बरं.

जमिनीचे तंटे, कुणाच्या घरातली आत्महत्या, जातीवरून झालेला अपमान, या गोष्टी निघतातच. ऐकाव्यात. लिहायच्या की नाही हे सांगणाऱ्यानं ठरवायचं, तुम्ही नाही.

घरात मोडीतले जुने कागद असतील तर त्याच नादात मोडी शिका. अक्षरं ओळखू यायला फार दिवस लागत नाहीत, लपेट्यातली लिखावट वाचायला मात्र वेळ जातो. मारुती चितमपल्ली वनखात्यात असताना रानातल्या माणसांकडून शब्द टिपत राहिले, आणि त्यांचं कोशाचं मोठं काम निवृत्तीनंतर उभं झालं. आपल्याला एवढं नाही करायचं. आपल्याला एक शिवार पुरे.

गोधडी

बाईला निवृत्ती कुठं असते, असं म्हणून आपण तो विषय संपवतो. पण सून आली, चूल तिच्या हाती गेली की सासूला नेमकं तेच होतं जे गुरुजींना ३० जूनला होतं. फरक इतकाच की तिला शाल-श्रीफळ मिळत नाही. मग ती भाजीत मीठ किती यावर बोलत राहते. तिच्या हाताला स्वतःचं काम हवं, आणि ते घरकाम नको.

गोधडी बहुतेकींना येते, पण ती "काहीतरी पांघरायला" म्हणून शिवलेली असते. आता मन लावून शिवा. जुनी सुती लुगडी, धोतरं गरम पाण्यात धुऊन खळ काढून टाका. कापड दोन्ही हातांत धरून ताणा. टर्रकन फाटलं तर ते आतल्या थराला, टिकलं तर वर. सिंथेटिक साडी अजिबात नको, थर सरकतात आणि उन्हाळ्यात अंगाला चटका देतात. एका माणसाला चार बाय सहा फूट पुरते, आत चार-पाच थर.

वरचे तुकडे जोडण्याआधी खाटेवर नुसते मांडून बघा आणि मोबाइलवर फोटो काढा. फोटोत कुठला रंग अंगावर येतो ते लगेच दिसतं, समोर बघताना दिसत नाही. दोन दिवस तसंच राहू द्या, तुकडे बदलत राहा. खरी कला इथं आहे, टाक्यात नंतर.

मग सगळे थर सपाट करून मधून कडेकडं, वीतभर अंतरानं मोठे कच्चे टाके घाला. कडेकडून सुरुवात केली की मधे चुणी पडते आणि ती शेवटपर्यंत जात नाही. पक्का धावदोरा कडेपासून फेर धरत आत न्या. दोरा हातभर लांब, जास्त घेतला की गुंता. सकाळी उजेडात पाच-सहा सुया नातवाकडून ओवून उशीत टोचून ठेवा, दिवसभर सुईच्या नेढ्याशी झगडायला नको. अर्ध्या तासानं बोटं उघडी-मिट करा. खाटेवर पसरून स्टुलावर बसलं तर गुडघा वाचतो. घाई नाही, होळीपर्यंत झाली तरी झाली.

कुणी विकत मागितली तर कापड जुनं आहे म्हणून पडेल भावात देऊ नका. मजुरी धरा.

बाकीचं भराभर

गडचिरोली-चंद्रपूरकडं बांबू. बुरडाकडं रीतसर मजुरी देऊन शिका, पहिलं सूप नको, साधी टोपली करा. कोवळा बांबू नको, तीन वर्षांचा पक्का घ्या, आणि हातमोजे घाला. सालीची धार ब्लेडपेक्षा वाईट.

वर्धेकडचे असाल तर टकळी. सेवाग्रामचा वारसा म्हणून नाही, कापूस आपल्याच वावरातला आहे म्हणून.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकाचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत, नेमका आपला मोकळा काळ. रात्रभर उभं राहणं जमत नसेल तर तालमीत पुस्तक धरून बसा, चुकलेल्या नटाला वाक्य पुरवणारा माणूस नेहमीच हवा असतो.

पक्षी बघायला पैसे लागत नाहीत, दुर्बीण पुढं घेतली तरी चालते. गावातलं नाव, पुस्तकातलं नाव, दिसलेली तारीख, अशी तीन रकान्यांची वही करा.

शिकायला दुसऱ्या गावी जावं लागलं तर एसटीत पासष्टच्या पुढं अर्धं तिकीट आहे, आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढं राज्यभर मोफत. आधार कार्ड जवळ ठेवा.

पारावरचे काय म्हणतील

म्हणणारच. "काऊन जी गुर्जी, या वयात पेटी शिकून का करान आता?" याला उत्तर देऊ नये. "करमत नाही म्हून," एवढं पुरे. म्हातारचळ हा शब्द कानावर येईल, महिनाभर चालेल, मग पाराला दुसरा विषय मिळतो.

घरच्यांशी मात्र आधी बोलून घ्या. पेटीची वेळ आणि सुनेच्या लेकराची झोपायची वेळ एकच आली की पेटीच बंद होणार. जोडीदाराला विचारा, दाखवा, पण ओढू नका. दोघांनी मिळून एकच छंद हे चित्रात बरं दिसतं. चाळीस वर्षं संसार केल्यावर दिवसाचे दोन तास वेगळं बसलेलं दोघांनाही मानवतं.

वेळ कशी लावायची

दिवाळी ते होळी रोज, ठरलेल्या वेळी. वयानं पहाटे चारला जाग येते, तिच्याशी भांडू नका. लिहायचं काम तेव्हा करा, आवाजाचं काम सकाळी नऊनंतर. होळीनंतर ऊन तापतं, मग साडेपाच ते नऊ एवढाच हात चालवा. अकरा ते चार आडवं व्हायचं. पावसाळ्यात वीज जाते आणि शेतीत हात लागतो, तेव्हा आठवड्यातून दोनदा पुरे. वर्षभर सारखं चालवायचा हट्ट केला की पहिल्याच आषाढात सुटतं.

महिन्यातून एकदा कुणाला तरी दाखवायचं. मोबाइलच्या ग्रुपवर टाकलं की अंगठे येतात, त्यांचा उपयोग नाही. समोर बसून ऐकणारा, चूक काढणारा एक माणूस शोधा. कोजागिरी, गणपती, शाळेतलं स्नेहसंमेलन या पुढच्या तारखा डोळ्यांसमोर ठेवल्या की हात आपोआप चालतो.

मन बसतं तेव्हा

बरोबरीची माणसं जाऊ लागतात. मंडळातला टाळकरी गेला की त्याची जागा दिसते. त्या महिन्यात पेटीला हात लागत नसेल तर नका लावू, पण मंडळात जाऊन बसा. दोन आठवडे उलटले तरी झोप नाही, जेवण नाही, कशातच रस नाही, जगून काय करायचं असं वाटतं, तर हे म्हातारपण नव्हे, हा आजार आहे, आणि त्याला औषध आहे. टेली-मानसचा नंबर १४४१६, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७. दोन्ही आकडे दाराच्या मागं खडूनं मोठे लिहून ठेवा.

विसरणं आणि हरवणं यातला फरकही माहीत हवा. चष्मा कुठं ठेवला हे विसरणं वयाचं आहे. पायाखालच्या पांदणीत वाट चुकली, नेहमीचा हिशेब जमेनासा झाला, तर डॉक्टर गाठा.

हात थांबले तर काम उतरवा, टाकू नका. भाता ओढवत नसेल तर दुसरा ओढेल, तुम्ही पट्ट्या धरा. तेही जमत नसेल तर चाल सांगा. सुई दिसत नसेल तर तुकडे मांडा, शिवायचं काम दुसरी करेल. लिहवत नसेल तर बोला, लिहून घ्यायला शाळेतली पोरगी मिळते, तिला वहीचे-पेनाचे पैसे द्या.

कप्प्यात काय ठेवायचं

तो रिकामा कप्पा आता भरा. वही, रेकॉर्डिंगचा पेनड्राइव्ह, मोडीची पानं, उरलेले कापडाचे तुकडे, सुया. कप्पा जमिनीलगत नको, वाळवी लागते, आणि कडुनिंबाचा पाला दर पावसाळ्याआधी बदला. वहीच्या पानांचे फोटो काढून पोरांकडं पाठवून द्या, एक छापील प्रत शाळेच्या वाचनालयात द्या. ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवू नका, तिथं गेलेला कागद पुन्हा दिसत नाही.

आणि पेटी कुणाला जायची ते आत्ताच मंडळात सांगून टाका. वाजवणाऱ्याला द्या, पोराला नको, तो ती माळ्यावर टाकेल.